मदरशाने जपलेले क्रुसेडकालीन चर्च : जेरुसलेमचे सेंट अ‍ॅन

जेरुसलेमच्या जुन्या शहरात, सिंहद्वारातून आत शिरताच उजव्या हाताला सेंट अ‍ॅनचे चर्च लागते. येशूची आजी अ‍ॅन आणि आजोबा योआकिम यांची नावे बायबलमध्ये कुठेही येत नाहीत. ती दुसऱ्या शतकातील एका ग्रंथातून आली आहेत. येशूची आई मरिया हिचा जन्म येथील गुहेत झाला, अशी श्रद्धा मात्र जुनी आहे. शेजारीच बेथेस्दाचे तळे आहे, जिथे येशूने अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला बरे केले, असे योहानाचे शुभवर्तमान सांगते.

१०९९ मध्ये क्रुसेडरांनी, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, शहर जिंकल्यावर येथे बेनेडिक्टाइन जोगिणींचा मठ उभा राहिला आणि राजघराण्याशी त्याचा निकटचा संबंध जुळला. राजा पहिला बाल्डविन याने आपली आर्मेनियन राणी आर्दा हिची रवानगी याच मठात केली होती. आजचे चर्च ११३० च्या दशकातले.

वास्तू रोमनेस्क या मध्ययुगीन युरोपीय शैलीची असून युरोपातील त्या काळच्या चर्चांच्या मानाने अतिशय साधी आहे. जाड दगडी भिंती, अरुंद खिडक्या, तीन दालनांमधील भक्कम खांब, त्यांवरील टोकदार कमानी आणि मध्यभागी घुमट एवढेच तिचे वैभव. पण प्रमाणबद्धता अशी की रंग किंवा मूर्तींची उणीव भासत नाही. दगडी छतामुळे आवाज बराच वेळ घुमत राहतो, म्हणून जगभरातील यात्रेकरू येथे थांबून स्तोत्रे गातात. तळघरात ती जन्मगुहा आहे.

११८७ मध्ये मुस्लिम सुलतान सलादिनने जेरुसलेम घेतले. त्यानंतर ही इमारत पाडली गेली नाही. ११९२ मध्ये तिथे शाफी या सुन्नी धर्मशास्त्र-पंथाचा मदरसा सुरू झाला आणि त्याची साक्ष देणारा अरबी शिलालेख प्रवेशद्वारावर आजही वाचता येतो. माझ्या मते चर्च टिकण्याचे खरे कारण हेच आहे, कारण वापरात असलेली इमारत लोक सहसा मोडत नाहीत. पुढे ऑटोमन काळात तिची दुरवस्था झाली, तरी फ्रान्सिस्कन साधूंना ठरावीक सणांना तळघरात उपासना करता येत असे.

क्रिमियाच्या युद्धात फ्रान्सने तुर्कस्तानला साथ दिली. त्या उपकाराची फेड म्हणून १८५६ मध्ये सुलतान अब्दुलमजीद याने हे चर्च तिसऱ्या नेपोलियनला दिले. वास्तुविशारद मॉस यांनी जीर्णोद्धार केला, आणि १८७८ पासून ‘व्हाइट फादर्स’ या मिशनरी संघाकडे त्याची देखभाल आहे. मालकी आजही फ्रान्सच्या सरकारकडेच असून ती तो देश किती गांभीर्याने घेतो, हे १९९६ मध्ये दिसले : राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी इस्रायली सैनिक बाहेर पडेपर्यंत आत पाऊल टाकण्यास नकार दिला होता.