सच्छिद्र संमिश्रे आणि क्षमतेचा फसवा आकडा

कोळशाने द्रावणाचा रंग उतरतो, हे अठराव्या शतकाच्या अखेरीसच लक्षात आले होते. साखर शुभ्र करायला पुढे हाडांचा कोळसा वापरला गेला. सांडपाण्यातल्या रंगासाठी सक्रिय कार्बन (प्रक्रिया करून सच्छिद्र केलेला कोळसा) आजही कामाचा आहे, पण त्याची बारीक भुकटी रंग घेऊन बसली की तिला पाण्यातून वेगळे काढणे जिकिरीचे होते.

संमिश्रे, म्हणजे दोन-तीन पदार्थ एकत्र बांधून केलेली सामग्री, आली ती या भुकटीपायी. सोडियम अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या चिकट पदार्थाच्या) घट्टसर द्रावणात माती किंवा कोळसा कालवायचा आणि थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडायचा. थेंब पडताक्षणी बाहेरून गोठतो आणि त्याचा मणी होतो. तो गाळणीने उचलता येतो. आत मॅग्नेटाइट हे लोहचुंबकीय खनिज घातले असेल तर चुंबकानेही. याची किंमत मात्र मोजावी लागते: काही छिद्रे अल्जिनेटनेच बुजतात आणि रंग आत शिरायला वेळ लागतो. धातूचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या सच्छिद्र स्फटिकांना, म्हणजे धातू-सेंद्रिय चौकटींना, २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या एका ग्रॅमला हजारो चौरस मीटर पृष्ठभाग असू शकतो, तरी त्यातल्या अनेक पाण्यात टिकत नाहीत.

खरा गुंता आहे ‘क्षमता’ या शब्दात. एका ग्रॅमने किती मिलिग्रॅम रंग धरला, हा तो आकडा. तो बहुतेक वेळा मिथिलीन ब्लू या निळ्या रंगावर काढलेला असतो. १८७६ पासून माहीत असलेला हा रंग स्वस्त आहे आणि ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या आसपास सहज मोजता येतो. तो धनभारित आहे. अल्जिनेट, बेंटोनाइट ही माती, ग्राफीन ऑक्साइड हा कार्बनचा पातळ थर, हे सगळे ऋणभारित. मग तो चिकटणारच! सुती कापडाचे रिअॅक्टिव्ह रंग, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग, १९५६ मध्ये बाजारात आले. ते ऋणभारित असतात आणि त्यांच्या रंगकुंडात लिटरला पन्नासेक ग्रॅम मीठ सहज पडते. मिठामुळे भारांची ओढ झाकोळते. इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमधून, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांतून, निघणारे पाणी असे असते, प्रयोगशाळेतल्या डिस्टिल्ड वॉटरसारखे नव्हे. म्हणून शुद्ध पाण्यातला आकडा शोधनिबंधाच्या माथ्यावर मिरवणे मला चूक वाटते.

‘काढला’ म्हणजे ‘संपला’ असेही नाही. मणी धुतला की तोच रंग दाट होऊन हाती येतो, आणि मणी न धुता टाकला तर तो घातक कचरा ठरतो.

नोय्यल नदीच्या प्रदूषणापायी २०११ मध्ये न्यायालयाने तमिळनाडूतल्या तिरुपूरचे रंगाई कारखाने बंद ठेवायला लावले. थेंबही बाहेर न सोडण्याची सक्ती तिथे आता आहे, त्यामुळे मिठाचे पाणी परत वापरणे भाग पडते. त्यासाठी रंग जायला हवा आणि मीठ राहायला हवे. संमिश्रांची चाचणी घ्यावी ती याच खाऱ्या पाण्यात.