पोलादाचे कण मोजताना सॉफ्टवेअर कुठे फसतं?

सौम्य पोलादाचा तुकडा 1 मायक्रॉनच्या डायमंड पेस्टवर आरशासारखा चकचकीत करून काही सेकंद नायटलमध्ये, म्हणजे 2 ते 5 टक्के नायट्रिक आम्ल घातलेल्या अल्कोहोलमध्ये बुडवला, की सूक्ष्मदर्शकाखाली फेराइटचे, म्हणजे जवळपास शुद्ध लोखंडाचे उजळ कण आणि त्यांच्यामधल्या काळ्या सीमा दिसतात. कण बारीक तितकं पोलाद मजबूत, म्हणून त्यांचा आकार मोजायचा. त्यासाठी फोटोवर मोजमाप करणारं इमेजजे हे सॉफ्टवेअर किंवा त्याचंच भरगच्च रूप असलेलं फिजी पुरेसं आहे. दोन्ही मोफत मिळतात.

आधी स्केल बारवर रेघ ओढून ‘सेट स्केल’मध्ये तिची लांबी मायक्रॉनमध्ये भरा. फोटो टिफमध्येच ठेवा, जेपेगमध्ये सीमांच्या कडा बिघडतात. उजेड एका बाजूला जास्त पडला असेल तर ‘सबट्रॅक्ट बॅकग्राउंड’ वापरा. नाहीतर एकच थ्रेशोल्ड, म्हणजे काळं-पांढरं ठरवणारी उजेडाची मर्यादा, उजळ बाजूच्या सीमा पुसतो आणि अंधाऱ्या बाजूचे कणच काळे करतो.

खरी गोची यानंतर होते. नायटल कमी लागलं तर सीमा तुटक उमटतात आणि शेजारचे दोन कण एकच मोजले जातात. चिकटलेले कण वेगळे करणारी ‘वॉटरशेड’ची आज्ञा दिली तर ती चिंचोळ्या जागी कापते, त्यात लांबट कण उगाच दुभंगतात. समजा, फोटोवर ओढलेल्या एकूण 5 मिलिमीटर लांबीच्या रेघांनी 250 सीमा ओलांडल्या: सरासरी छेद, म्हणजे रेघेवर दोन सीमांमधलं अंतर, 20 मायक्रॉन, एएसटीएम या अमेरिकी मानकाप्रमाणे कण क्रमांक 8 (क्रमांक मोठा तितके कण बारीक). त्यातल्या 50 सीमा उमटल्याच नाहीत, तर तोच नमुना 25 मायक्रॉन आणि क्रमांक 7.4 दाखवतो. पोलाद तेच, कसूर फक्त आम्लाची! म्हणून निकाल मूळ फोटोवर चढवून डोळ्यांनी तपासलाच पाहिजे.

चौकटीला टेकलेले कण वगळण्याचा पर्यायही जपून वापरा. मोठे कण कडेला जास्त टेकतात, त्यामुळे सरासरी खाली येते. पितळात तर जुळ्या स्फटिकांच्या सरळ, समांतर रेघा सीमांसारख्याच दिसतात. त्या मोजायच्या नाहीत.

हेच आकडे पुढे नेपर या सॉफ्टवेअरला दिले की ते व्होरोनॉय पद्धतीने, म्हणजे बिंदूंभोवतीची जागा जवळच्या बिंदूला वाटून देत, त्रिमितीय कणरचना उभी करतं आणि डामास्क हे दुसरं सॉफ्टवेअर संगणकावरच त्या रचनेवर ताण देऊन बघतं. पण पोलादाचा कापलेला सपाट पृष्ठभाग क्वचितच कणाच्या मध्यातून जातो. सारख्या गोलांचा सरासरी छेद व्यासाच्या दोन तृतीयांश असतो, म्हणजे 20 मायक्रॉन छेदामागे सुमारे 30 मायक्रॉनचा कण असतो. छेदाचा आकडा तसाच व्यास म्हणून भरला, तर प्रतिकृतीतल्या प्रत्येक कणाचं घनफळ जेमतेम 30 टक्के उरतं.