डोरेमॉनमधल्या गोष्टींचे ठरलेले साचे

डोरेमॉन हे जपानमधलं मुलांचं कार्टून, मूळ मांगा म्हणजे चित्रकथा, आणि त्यातल्या गोष्टी ज्या ठरावीक पद्धतीने सांगितल्या जातात त्या पद्धतींबद्दलची ही नोंद आहे. पाच-सहा भाग बघितले की कुठल्याही पोराला हा साचा पाठ होतो. नोबिता या शाळकरी पोराला पेपरात शून्य मिळतं, नाहीतर दांडगट जियान त्याला धुतो, नाहीतर श्रीमंत घरचा सुनियो नवीन खेळणं दाखवून जळवतो, मग हा रडत रडत जिना चढून खोलीत येतो, बाविसाव्या शतकातून आलेला निळा मांजर-रोबो, म्हणजे डोरेमॉन, आधी थोडा कुरकुरतो पण शेवटी पोटावरच्या खिशातून एक गॅजेट काढून देतो, काम फत्ते होतं, नोबिताला हाव सुटते आणि सगळं त्याच्याच अंगावर उलटतं. जपानी गोष्टींमधली जी जुनी चार टप्प्यांची मांडणी आहे, की-शो-तेन-केत्सु, म्हणजे सुरुवात, वाढ, कलाटणी आणि शेवट, ती इथे अगदी थोड्या पानांत बसवलेली दिसते.

आता हा साचा आला कुठून हे बघायला पाहिजे, कारण लोक पटकन म्हणतात की सगळे भाग सेमच असतात आणि विषय संपवतात. हिरोशी फुजिमोतो, म्हणजे पुढे फुजिको एफ. फुजियो या नावाने ओळखले गेलेले चित्रकार, यांनी डोरेमॉन सुरू केलं ते शोगाकुकान या प्रकाशनाच्या मासिकांत. १९६९ च्या डिसेंबरात बाजारात आलेल्या १९७० च्या जानेवारी अंकांपासून, आणि ते सुद्धा एका नाही तर एकदम सहा मासिकांत. ही मासिकं इयत्तेप्रमाणे निघायची, बालवाडीच्या पोरांपासून चौथीपर्यंत, त्यामुळे पहिली गोष्टसुद्धा प्रत्येक मासिकात वेगळी काढावी लागली. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणजे दर एप्रिलला वाचणारी पोरं एक यत्ता पुढे सरकणार आणि तुमच्या मासिकाला नवीन पोरं येणार, ज्यांनी मागचं काहीच वाचलेलं नाही. अशा वाचकाला मागच्या महिन्यात काय झालं ते आठव असं म्हणताच येत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट स्वतःच्या पायावर उभी, अडचण पहिल्या पानावर, गॅजेटचं नाव आणि काम एका वाक्यात, आणि शेवट त्याच अंकात. माझ्या मते डोरेमॉनचा अर्धा साचा या मासिकांच्या रचनेतूनच घडलाय. टीव्हीवर १९७९ च्या एप्रिलमध्ये टीव्ही आसाही या जपानी वाहिनीची मालिका सुरू झाली तेव्हा ती सुरुवातीला रोज दहा मिनिटांची होती, त्यात ही छोटी गोष्ट बरोब्बर मावली.

गॅजेटचे स्वतःचे नियम आहेत. बहुतेक गॅजेट एकाच गोष्टीपुरतं येतं आणि मग परत कधी दिसत नाही, पण काही नेहमीची आहेत, डोक्यावर लावायचा बॅम्बू कॉप्टर, कुठेही उघडणारं एनीव्हेअर डोअर, टेबलाच्या ड्रॉवरमधलं टाइम मशीन, वस्तू नवी-जुनी करणारं टाइम फडकं. नेहमीची गॅजेट ही वाहनासारखी असतात, ती गोष्ट पुढे नेतात पण गोष्ट त्यांच्याबद्दल नसते. नावांमध्ये शब्दांचा खेळ असतो, तो भाषांतरात हरवतो. बॅम्बू कॉप्टरचं मूळ नाव ताकेकोप्टर, ताके म्हणजे बांबू, आणि ताकेतोंबो नावाचं हाताने फिरवून उडवायचं बांबूचं जुनं खेळणं जपानी पोरांना माहीत असतं, त्यावरनं ते सुचतं. मेमरी ब्रेड आपल्याकडे म्हणतात त्याचं मूळ नाव आंकीपान, आंकी म्हणजे पाठांतर आणि पान म्हणजे पाव. हा पान शब्द जपानीत पोर्तुगीजमधून आला, आणि आपला गोव्यातला-मुंबईतला पाव पण त्याच पोर्तुगीज शब्दातून आलाय, तेव्हा नोबिताच्या हातातला पाव आणि वड्यासोबतचा पाव हे शब्द म्हणून सख्खे नातेवाईक आहेत, मला ही गोष्ट कळली तेव्हा खूप भारी वाटलं होतं.

याच पावाच्या गोष्टीत साच्याचा सगळ्यात महत्त्वाचा नियम दिसतो. पाव पुस्तकाच्या पानावर दाबायचा, अक्षरं उमटतात, खाल्ला की पाठ झालं. गॅजेट एकदम नीट चालतं, नोबिताच पोट फुटेपर्यंत खातो, मग पोट बिघडतं आणि संडासात सगळं पाठांतर निघून जातं. म्हणजे बिघाड वस्तूत नसतो, वापरणाऱ्याच्या स्वभावात असतो. बाइबाइन नावाच्या थेंबाची गोष्ट तर याचा कळस आहे. चेस्टनटचं सारण भरलेल्या एका बनवर थेंब टाकला की दर पाच मिनिटांनी बन दुप्पट होतो, खाऊन संपवला तरच थांबतो. एकाचे दोन, दोनाचे चार करत एका तासात ४,०९६ आणि दोन तासांत १ कोटी ६७ लाखांच्या वर. बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळाच्या दाण्यांची गोष्ट ज्याने ऐकलीय त्याला हे गणित ओळखीचं वाटेल. नोबिताला शेवटचा बन खाववत नाही, तो टाकून देतो, आणि शेवटी डोरेमॉनला ते सगळं रॉकेटला बांधून अंतराळात सोडावं लागतं. कधी कधी मात्र उलटणं हेच गॅजेटचं काम असतं, जसं डिक्टेटर स्विच, नको असलेल्या माणसाला गायब करणारं बटण, ज्याच्यामुळे नोबिता रागाच्या भरात अख्खं जग रिकामं करून बसतो आणि मग कळतं की हुकूमशहांना धडा शिकवायलाच ते बनवलेलं होतं.

जागाही ठरलेल्या. टोकियोच्या नेरिमा वॉर्डातली वस्ती, नोबिताची वरच्या मजल्यावरची खोली, शाळेचा रस्ता, आणि तो रिकामा प्लॉट जिथे सिमेंटचे तीन मोठे पाइप रचून ठेवलेले असतात. झपाट्याने वाढणाऱ्या तेव्हाच्या टोकियोत असे बांधकामाच्या वाटेवरचे प्लॉट पोरांची मैदानं असायची, आज तिथे तसं फारसं उरलं नाही पण कार्टूनमध्ये पाइप जिथल्या तिथे आहेत. शेजारी कामिनारी नावाचे तापट आजोबा राहतात, कामिनारी म्हणजे आकाशातली गडगड, आणि बेसबॉल मारला की काच त्यांचीच फुटणार.

पात्रांची नावंच त्यांचं काम सांगतात. नोबिताची मैत्रीण शिझुका म्हणजे शांत, वर्गातला हुशार डेकीसुगी म्हणजे जरा जास्तच जमणारा, जियान म्हणजे जायंट. सुनियोच्या गाडीत किंवा सहलीत कायम तिघांचीच जागा असते, चौथा नोबिता. जियानचं गाणं इतकं भयाण की आमंत्रण आलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो, पण त्याच्या आईचा आवाज आला की हाच जियान थरथर कापतो. डोरेमॉन स्वतः उंदराला घाबरतो आणि डोरायाकीसाठी, म्हणजे गोड सारण भरलेल्या जपानी पॅनकेकसाठी, जीव टाकतो. नोबितालाही तीन गोष्टी नक्की येतात, नेमबाजी, दोऱ्याचे आकार करायचा आयातोरी खेळ आणि पडल्या पडल्या झोपणं. हे मुद्दाम दिलेलं आहे, साफ नालायक पोराची गोष्ट इतकी वर्षं कोणी प्रेमाने बघितली नसती.

सिनेमात हे नियम बदलतात. १९८० पासून साधारण दर वसंतात एक मोठा चित्रपट येतो, त्यात पाचही जण दूर कुठेतरी जातात, डायनासोरांच्या काळात, समुद्राखाली, अंतराळात, आणि तिथे जियान एकदम दिलदार आणि शूर होतो, सुनियो घाबरत घाबरत का होईना येतोच. जपानमध्ये सिनेमातला जियान चांगला असतो हे लोक बोलण्यात वापरतात इतकं ते रुळलंय. खिशात सगळंच असेल तर संकट टिकणार कसं, म्हणून सिनेमात खिसा हरवतो, गॅजेट बंद पडतं नाहीतर डोरेमॉनच पकडला जातो.

२००५ मध्ये जपानमध्ये आवाज आणि चित्रं बदलून नवी मालिका आली आणि काही जुन्या सवयी हळूहळू कमी झाल्या, मुख्य म्हणजे शिझुका अंघोळ करत असताना नोबिता चुकून तिथे पोचण्याचा विनोद. तो कमी झाला हे योग्यच झालं, लहान पोरांसमोर ते हसण्यावारी न्यायला नकोच होतं. त्याच वर्षी भारतात हंगामा चॅनेलवर हिंदी डोरेमॉन सुरू झालं, डोरायाकीचा डोरा केक झाला, आणि मराठी घरांतली बरीच पोरं शाळेत हिंदी यायच्या आधी इथूनच हिंदी बोलायला लागली. साचा ओळखीचा असल्यामुळे शब्द कळला नाही तरी गोष्ट कळत होती.

साच्याचा शेवटचा नियम म्हणजे काहीच लक्षात राहत नाही, कोणी मोठं होत नाही, पुढच्या गोष्टीत सगळं पहिल्यापासून. हा नियम मोडला तो १९७४ मध्ये. मार्चच्या तिसरीच्या अंकात डोरेमॉनला भविष्यात परत जायची वेळ येते, आणि त्याने निर्धास्त जावं म्हणून नोबिता रात्री जियानशी गॅजेटशिवाय एकटा लढतो, मार खातो पण सोडत नाही, शेवटी जियानच कंटाळून हार मानतो. सकाळी डोरेमॉन गेलेला असतो. मग एप्रिलच्या चौथीच्या अंकात, म्हणजे तीच पोरं पुढच्या यत्तेत गेल्यावर, त्याने मागे ठेवलेलं एक औषध नोबिता पितो, ज्याने बोललेलं सगळं खोटं ठरतं. डोरेमॉन आता कधीच येणार नाही असं तो बोलून जातो, आणि खोलीत येऊन बघतो तर डोरेमॉन उभा. औषधाचा अंमल अजून चालूच असतो, म्हणून दोघं गळ्यात पडून उलटंच बोलतात, मला अजिबात आनंद झाला नाही, आपण यापुढे कधीच एकत्र राहणार नाही.