अकारविल्हे: इंग्रजी शब्दकोशाची पार्श्वभूमी

शोधायचा शब्द ‘ए’ने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला पाहा, ‘व्ही’ने होत असेल तर शेवटाकडे. शब्दाची सुरुवात ‘सीए’ अशी असेल तर तो ‘सी’च्या आरंभी सापडेल, ‘सीयू’ असेल तर ‘सी’च्या अखेरीस. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाने ‘अ टेबल आल्फाबेटिकल’ या आपल्या लहानशा पुस्तकात ही सूचना छापली, आणि ती मोठ्या माणसांसाठी होती. इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच देणारा हा पहिला कोश मानला जातो. त्याच्या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज माहीत आहे, ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे.

कोश म्हटला की तो अकारविल्हे असायचाच, असं आपण धरून चालतो. तेव्हा तसं नव्हतं. इंग्लंडमधल्या मठांत लॅटिन पोथ्या वाचणारे अवघड शब्दावर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, त्याचा अर्थ बारीक अक्षरात लिहून ठेवत. पुढे हे अर्थ उतरवून त्यांच्या याद्या झाल्या. आधी पोथीत शब्द ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने, मग फक्त पहिलं अक्षर पाहून, मग पहिली दोन अक्षरं पाहून. एका ‘ए’खाली शेकडो शब्द कसेही पडलेले असले तरी त्या काळी ती सोयच वाटे. काही याद्या विषयवार असत: देव आणि आकाश आधी, मग माणूस, त्याचे अवयव, मग प्राणी, झाडं. अशा यादीत जगाचा एक क्रम दिसतो, वर्णक्रमात तो मोडतो. १२८६ साली जोहानेस बाल्बुसने ‘कॅथोलिकॉन’ हा लॅटिन कोश पुरा केला, तेव्हा ‘आमो’ हा शब्द ‘बिबो’च्या आधी का येतो हे त्याला समजावून सांगावं लागलं. ही मांडणी मी फार कष्टाने केली आहे, तिला तुच्छ लेखू नका, अशी विनवणीही त्याने वाचकाला केली. मला ही विनवणी फार मोलाची वाटते. जी गोष्ट आपण बघतही नाही, ती कोणीतरी घाम गाळून उभी केली होती.

कॉड्रीच्या पुस्तकात जेमतेम अडीच हजार शब्द आहेत आणि ते सगळे ‘कठीण’ शब्द. सोळाव्या शतकात लॅटिन, ग्रीक, फ्रेंचमधून शब्दांचा लोंढा इंग्रजीत आला होता. लॅटिन न शिकलेला वाचक प्रवचन ऐकताना किंवा ग्रंथ वाचताना अडे, त्याच्यासाठी हा उद्योग. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर स्त्रियांचा आणि फारसं न शिकलेल्या वाचकांचा स्पष्ट उल्लेख आहे. अर्थ अगदी त्रोटक. ‘क्रॉकडाइल’ या शब्दापुढे काय दिलंय? ‘एक प्रकारचा पशू’, बस्स. जागा वाचवण्यासाठी ‘एक प्रकारचा’ हेही एका अक्षराच्या खुणेने दाखवलं आहे.

पुढची शंभर वर्षं हाच कित्ता चालला. १६१६ मध्ये जॉन बुलोकर, १६२३ मध्ये हेन्री कॉकरम, १६५६ मध्ये टॉमस ब्लाउंट, सगळ्यांचा भर कठीण शब्दांवर. रोजच्या वापरातल्या साध्या शब्दांना कोशात मानाने जागा मिळाली ती १७०२ मध्ये, ‘जे. के.’ एवढीच आद्याक्षरं लावून निघालेल्या एका कोशात. नॅथन बेलीच्या १७२१ च्या कोशात शब्दसंख्या चाळीस हजारांच्या घरात गेली.

साधे शब्द आत आले आणि खरी अडचण सुरू झाली. अवघड शब्दाला सोपा प्रतिशब्द देता येतो, पण सोप्या शब्दाला काय देणार? सॅम्युएल जॉन्सनला हा पेच पुरता कळला होता, आणि १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत तो त्यावर मोकळेपणाने लिहितो. १७४६ मध्ये प्रकाशकांशी करार झाला तेव्हा तीन वर्षांत काम उरकेल असा त्याचा अंदाज होता. लागली नऊ. पुस्तक वाचताना तो हव्या त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारी आणि समासात त्या शब्दाचं पहिलं अक्षर लिही. मग लेखनिक ते वाक्य कागदावर उतरवून त्या अक्षराच्या गठ्ठ्यात टाकत. म्हणजे अर्थ आधी ठरवून उदाहरण शोधायचं नाही, उदाहरणं गोळा करून त्यांतून अर्थ वेचायचे. ‘टेक’ या एका क्रियापदाचे असे १३४ अर्थ निघाले. कोशात नोंदी बेचाळीस हजारांवर आणि अवतरणं एक लाखाहून अधिक. वर्णक्रम मात्र अजूनही आपला नव्हता. ‘आय’ आणि ‘जे’ एकाच अक्षराखाली मिसळलेले, ‘यू’ आणि ‘व्ही’ तसेच.

१८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड ट्रेंचने असलेल्या कोशांतल्या उणिवा मांडल्या, आणि प्रत्येक शब्दाचं जन्मापासूनचं चरित्र देणाऱ्या कोशाची कल्पना रुजली. हाच पुढचा ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’. १८७९ मध्ये जेम्स मरेकडे संपादन आलं. त्याने अंगणात पत्र्याची खोली उभारली, भिंतींना हजारावर खण केले, आणि वाचकांना आवाहन केलं: जुनी-नवी पुस्तकं वाचा, शब्द आणि त्याचं वाक्य चिठ्ठीवर लिहून पाठवा. चिठ्ठ्या लाखांनी आल्या. काम दहा वर्षांचं ठरलं होतं. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, पहिला भाग निघाला तेव्हा मजल ‘अँट’पर्यंत गेली होती. १९१५ मध्ये मरे वारला तेव्हा तो ‘टी’च्या शब्दांवर काम करत होता, आणि कोश पुरा झाला १९२८ मध्ये.

इतक्या चिठ्ठ्यांत एखादी हरवणारच. ‘बाँडमेड’, म्हणजे दासी, या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि ‘बी’चा खंड त्या शब्दाविना छापला गेला. शब्दाला जागा मिळाली थेट १९३३ च्या पुरवणीत. वर्णक्रमाने बांधलेल्या कामाची ही निष्ठुर बाजू आहे: पुढच्या अक्षरावर गेल्यावर मागे फिरता येत नाही.

दरम्यान परभाषक शिकणाऱ्यांची गरज निराळीच होती. कोशातला अर्थच कळला नाही तर काय करायचं? १९३५ मध्ये मायकेल वेस्ट आणि जेम्स एंडिकॉट यांनी सगळे अर्थ मोजक्या १,४९० शब्दांतच लिहायचे असं बंधन घालून कोश तयार केला. कॉड्रीच्या वाचकाची काळजी इथे पुन्हा केंद्रस्थानी आली. आजचे विद्यार्थी-कोश याच वाटेने चालतात, बहुतेकांची मर्यादा दोन-तीन हजार शब्दांची असते.

ऑक्सफर्डच्या कोशाची मुळापासून दुरुस्ती सुरू झाली आणि २००० सालापासून सुधारलेल्या नोंदी ऑनलाइन येऊ लागल्या. मूळ कोशात ‘ए’च्या सुरुवातीच्या नोंदी झाल्या तेव्हा कामाची पद्धत अजून बसायची होती, हे ध्यानात घेऊन संपादकांनी सुरुवात ‘एम’पासून केली. पुढे तोही क्रम सुटला. ज्या शब्दांत जास्त भर पडली आहे, जे जास्त शोधले जातात, ते आधी हाती घेतले जाऊ लागले.