मुक्तस्रोत मोबाइल प्रचालन प्रणाली

मोबाइल संचाची यंत्रसामग्री व त्यावरील ॲप यांच्यात मध्यस्थी करणारी आणि जिचा स्रोत-संकेत (सोर्स कोड, म्हणजे प्रणालीची मूळ लिखित आज्ञावली) कोणालाही वाचता, बदलता व पुन्हा वाटता येईल अशा परवान्याखाली खुला असतो, ती प्रणाली. अँड्रॉइड हे तिचे सर्वपरिचित उदाहरण होय.

या वर्गातील पहिली प्रणाली कोणती, याविषयी एकवाक्यता नाही. लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या मोटोरोलाच्या ए७६० (२००३) या संचाचा दाखला कधीकधी दिला जातो. पण त्यात गाभा (कर्नल, यंत्रसामग्रीशी थेट बोलणारा सर्वांत आतला थर) तेवढा मुक्त होता, वरचे थर बव्हंशी बंदिस्त होते. नोकिया ७७० (२००५) मधील माएमो प्रणाली बरीच खुली असली, तरी ते यंत्र टॅबलेट होते, फोन नव्हे. ओपनमोको प्रकल्पाचा निओ १९७३ हा संच २००७ च्या मध्यास विकसकांच्या हाती आला (हातात धरता येणाऱ्या मोबाइलवरून पहिले संभाषण झाले त्या वर्षाचे हे नाव). प्रणाली मुळापासून खुली ठेवण्याचा हेतू पाहता अग्रमान त्यालाच देणे अधिक सयुक्तिक वाटते. अँड्रॉइडची घोषणा ५ नोव्हेंबर २००७ रोजी झाली, तर तिचा स्रोत ऑक्टोबर २००८ मध्ये खुला झाला. नोकियाच्या फोनमधील सिंबियन या प्रणालीचा स्रोत खुला होण्यास २०१० उजाडले.

अँड्रॉइडला मुक्त म्हणावे ते कोणत्या अर्थाने, हाही वादाचा विषय आहे. तिचा लिनक्स गाभा जीपीएल २ या परवान्याखाली असल्याने संच विकणाऱ्याला गाभ्यातील बदल उघड करावे लागतात. वरचा बहुतेक भाग अपाचे २.० खाली असल्याने तेथे असे बंधन नाही. ३.० (हनीकोंब) या आवृत्तीचा स्रोत २०११ मध्ये अनेक महिने रोखून धरला गेला होता. प्ले स्टोअर व त्यामागील सेवा, तसेच मोडेमचे (मोबाइल जाळ्याशी जोडणाऱ्या भागाचे) फर्मवेअर, म्हणजे त्यातच भरलेली आज्ञावली, हे बंदिस्तच असते. तेव्हा मुक्तपणा येथे प्रमाणाने मोजावा, हे बरे.

भारतात मोझिलाच्या फायरफॉक्स ओएस या मुक्त प्रणालीचे स्वस्त संच २०१४ मध्ये आले. त्याच प्रणालीपासून निघालेली कायओएस २०१७ पासून जिओफोनमध्ये दिसते. अँड्रॉइडच्या पडद्यावर मराठी भाषा ५.० (२०१४) या आवृत्तीपासून निवडता येऊ लागली.

कोल्हापुरात राजारामपुरीसारख्या बाजारपेठेतील दुरुस्तीच्या दुकानांत प्रणाली नव्याने भरण्याला ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात. कंपनीचीच मूळ प्रणाली पुन्हा घातली काय किंवा लिनेजओएससारखी (सायनोजेनमॉड ही तिची पूर्वसुरी बंद पडल्यावर, डिसेंबर २०१६ पासूनची) अँड्रॉइडची सुधारित आवृत्ती घातली काय, बोलण्यात फरक केला जात नाही. वस्तुतः तो मोठा आहे. दुसऱ्या प्रकारात आधी बूटलोडरचे (संच सुरू होताना प्रणाली चालू करून देणाऱ्या आज्ञावलीचे) कुलूप काढावे लागते. अनेक संचांवर, संच बंद असताना, आवाज कमी करण्याचे व चालू-बंदचे बटण एकदम दाबून धरले, की फास्टबूटचा, म्हणजे संगणकाकडून आज्ञा घेण्याच्या अवस्थेचा, पडदा येतो. मग केबलने संगणकाला जोडून आज्ञा दिली जाते. कुलूप निघताना संचातील सारी माहिती पुसली जाते, म्हणून जाणता कारागीर फोटो व नंबर अगोदर उतरवून घ्यायला सांगतो. एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या संचांत निरनिराळ्या चिप असू शकतात. अशा वेळी दुसऱ्या चिपसाठीची फाइल घातल्यास संच सुरूच होत नाही, म्हणून डब्यावरील नावापेक्षा मॉडेल क्रमांक पाहूनच फाइल निवडली जाते.