तीनशे एक खेपा

रावेरकडच्या केळी व्यापाऱ्याच्या गादीवर दोन वह्या असतात. एकीत शेतकऱ्यांची खाती, दुसरीत रोजच्या कापणीचं वजन आणि भाव. कापणीच्या ओळीत शेतकऱ्याचं नाव-गाव पुन्हा लिहीत नाहीत, खाते क्रमांक टाकला की झालं. एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना १९७० साली डेटाबेससाठी तक्त्यांची जी रीत मांडली, तिचा गाभा साधारण असाच आहे.

प्रोग्रामला मात्र ओळी आणि रकाने नको असतात, त्याला वस्तू हवी असते. ‘या कापणीचा शेतकरी कोण? त्याचं नाव काय?’ असं थेट विचारता यायला हवं. डेटाबेस आणि प्रोग्राम या दोघांमधला दुभाषी म्हणजे ओआरएम (ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर). जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये (वेबसाइट उभारायचा तयार सांगाडा; अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झालेलं, २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं) आपण ‘कापणी’ नावाचा क्लास, म्हणजे वस्तूचा साचा, लिहितो. क्लासचा होतो तक्ता, त्यातल्या गुणधर्मांचे रकाने, आणि एकेक ऑब्जेक्ट (वस्तू) म्हणजे एकेक ओळ. खाते क्रमांकाच्या जागी येते फॉरेन की. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला कळणारी भाषा, दुभाषीच लिहितो.

हा दुभाषी गुणी आहे, पण आळशीही. मागितल्याशिवाय काही आणत नाही.

एका व्यापाऱ्यासाठी मी कापण्यांची यादी दाखवणारं पान केलं होतं. माझ्याकडे चाचणीला दहा नोंदी, पान झटकन उघडायचं. त्यांच्याकडे तीनशे. ते म्हणाले, “भाऊ, यापेक्षा आमची वही लवकर उघडते.”

क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, मोजल्या तर तीनशे एक! यादीसाठी एक, मग प्रत्येक ओळीतल्या नावासाठी एकेक. एकाच शेतकऱ्याच्या वीस कापण्या असतील, तर त्याचं नावही वीसदा. सावदा स्टेशनवर माल पोचवायचा आणि घडागणिक ट्रॅक्टरची वेगळी खेप करायची, तसलाच प्रकार. कोडमध्ये यातलं काही दिसत नाही. तिथे एकेका ओळीवरून फिरणारा नुसता साधा लूप असतो आणि म्हणूनच ही चूक भल्याभल्यांकडून होते.

उपाय एका शब्दाचा निघाला: ‘सिलेक्ट_रिलेटेड’. त्याने दोन्ही तक्ते जॉइन करून सगळं एकाच क्वेरीत येतं. अर्थात तो सरसकट लावला, तर नको असलेले रकानेही गाडीत भरले जातात.

आता त्या पानासाठी किती क्वेरी जाव्यात, हा आकडा मी कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्टमध्येच लिहून ठेवलाय. एक जरी वाढली तरी टेस्ट अडते.