बाळाच्या सीबीसीतला एक गुणाकार

मिरग लागला की कोकणात ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ काढ्यांचे मेसेज फिरू लागतात. काही बाळांत मात्र वाढवायला प्रतिकारशक्ती मुळात घडलेलीच नसते. त्यातल्या काहींत कारण असतं एका एन्झाइमची उणीव: अडेनोसिन डिअमिनेज, म्हणजे एडीए. अमेरिकी रक्ततज्ज्ञ एलोइस गिब्लेट यांनी १९७२ साली हा संबंध दाखवला.

टी-पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, तयार होतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. तिथली निवड इतकी कडक की शंभरातल्या पाचही पेशी टिकत नाहीत. बाकीच्या तिथेच मरतात, त्यांच्या डीएनएचे तुकडे होऊन डीऑक्सिअडेनोसिन सुटतं. एडीए त्याचं निरुपद्रवी डीऑक्सिइनोसिन करून टाकतं. एडीए नसेल तर ते शेजारच्या जिवंत पेशींत शिरतं. तिथलं कायनेज एन्झाइम त्याला फॉस्फेट जोडतं, आणि फॉस्फेट लागलेला रेणू पेशीबाहेर पडू शकत नाही. आणखी दोन फॉस्फेट लागून डीएटीपी साचतं. कोवळ्या टी-पेशींत हे कायनेज भरपूर, त्यामुळे साठाही तिथेच जास्त. डीएटीपी हा डीएनएच्या चार घटकांपैकी एक. पण अति झाला की रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेजला चिकटून ते बंद पाडतो. चारही घटक याच एन्झाइमच्या जोरावर बनतात. उरलेले तीन आटले की डीएनएची नक्कल अडते, पेशी मरते आणि पुन्हा डीऑक्सिअडेनोसिन सुटतं. बी आणि एनके या प्रतिकारशक्तीच्या इतर पेशीही यातून सुटत नाहीत.

दोष विसाव्या गुणसूत्रावरच्या जनुकात असतो. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही या जनुकाची एकेक सदोष प्रत असेल, तर दर गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची चारात एक शक्यता. देवळात कौल लावून किंवा दृष्ट काढून हे बदलत नाही, आणि सुनेला बोल लावणं तर निव्वळ अन्याय आहे.

बाळाला वारंवार न्यूमोनिया, तोंडात न हटणारी बुरशी, जुलाब, वजन वाढत नाही, असं असेल तर साध्या सीबीसीवर, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या रिपोर्टवर, गुणाकार करा. एका मायक्रोलिटर रक्तात एकूण पांढऱ्या पेशी ६,०००, त्यात लिम्फोसाइट (टी, बी आणि एनके पेशी मिळून) १२ टक्के, म्हणजे ७२०. पहिल्या काही महिन्यांत ३,०००च्या खालचा आकडा काळजीचा. मोठ्या माणसाला १,५०० चालतात. रिपोर्टवर मोठ्यांचीच रेंज छापलेली असेल तर बाळाचे १,५०० नॉर्मल वाटून सुटून जातात. पुढच्या तपासण्या मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत होतात. उपचार आहेत: अस्थिमज्जा प्रत्यारोपण, एन्झाइमची इंजेक्शनं, जनुकोपचार. प्रत्यारोपण जंतुसंसर्ग होण्याआधी झालं तर यश जास्त.

घरात आधीचं मूल तान्हेपणी अशा आजारांनी गेलं असेल, तर प्रसूतीआधीच डॉक्टरांना सांगा. बीसीजीत जिवंत जंतू असतात. या बाळांत ते अंगभर पसरू शकतात. म्हणून तपासणी होईपर्यंत बीसीजी, रोटाव्हायरस आणि पोलिओचे थेंब थांबवायचे की नाही, हे डॉक्टरांना ठरवू द्या. रक्त चढवायची वेळ आली तर ते किरणोत्सर्ग दिलेलंच हवं.